उतरवलेला व्हिडिओ पुन्हा वर येतो तेव्हा

तारकर्लीचा ड्रोन शॉट, देवगडच्या कातळावरचा सूर्यास्त, जत्रेतल्या दशावतारी नाटकाचा एखादा प्रवेश. तुम्ही काढलेला, तुमच्या चॅनेलवरचा. कोणीतरी तो उचलतो, कोपऱ्यातलं तुमचं नाव कापतो आणि आपल्या होमस्टेच्या पेजवर लावतो. तुम्ही तक्रार करता, व्हिडिओ उतरतो. थोड्या दिवसांनी तोच व्हिडिओ दुसऱ्या पेजवर दिसतो, कधी कधी त्याच माणसाच्या दुसऱ्या पेजवर. "वकीलसायब, परत टाकल्यानी!" असा फोन मला पर्यटनाच्या हंगामात हमखास येतो, आणि फोन करणाऱ्याला वाटत असतं की तक्रारीचा फॉर्म भरण्यातच काहीतरी चुकलं.

फॉर्म बहुतेक वेळा बरोबर भरलेला असतो. घोळ त्याच्या अलीकडे आणि पलीकडे असतो. अलीकडे, कारण ती चीज कोणाच्या मालकीची हे कागदावर कुठेच नसतं. पलीकडे, कारण तक्रार लिंकवर होते आणि लिंक टाकणारा माणूस, ज्याला त्या व्हिडिओतून गिऱ्हाईक मिळतंय, तो मोकळाच राहतो. ही दोन्ही टोकं धरल्याशिवाय व्हिडिओ परत येत राहणार.

आधी बघा, ते तुमचं आहे का

हा प्रश्न विचारला की लोकांना राग येतो. "मी काढला म्हणजे माझाच ना?" बऱ्याचदा हो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे पहिला मालक म्हणजे निर्माता. पण त्याच कलमात एक अपवाद आहे आणि कोकणातले निम्मे वाद तिथेच अडकतात: कोणी मोबदला देऊन सांगितल्यावरून फोटो काढला किंवा चित्रफीत बनवली, तर उलट करार नसेल तेव्हा पहिला मालक तो पैसे देणारा. लग्नाचं शूटिंग, रिसॉर्टचं शूटिंग, स्कूबावाल्याने सांगून करून घेतलेली रील, सगळं यात येतं. नोकरीत असताना केलेल्या कामाचा मालक साधारणपणे नोकरी देणाराच.

म्हणजे भोगव्याच्या एखाद्या रिसॉर्टने पैसे देऊन तुमच्याकडून व्हिडिओ करून घेतला आणि नंतर तो पुण्याच्या ट्रॅव्हल एजंटला दिला, तर तुमची तक्रार टिकणं कठीण. एजंट उत्तरात रिसॉर्टचं पत्र जोडेल आणि व्हिडिओ परत वर येईल. पैसे न घेता दोन दिवस राहण्या-जेवण्यावर काम केलं असेल, तर तोही मोबदलाच होता असा मुद्दा समोरचा वकील नक्की काढणार. मी त्याच्या जागी असतो तर मीही काढला असता.

यावर उपाय शूटिंगच्या आधीच करायचा असतो. उलट करार लेखीच हवा असं कलम १७ म्हणत नाही, पण तोंडी बोलणं नंतर सिद्ध कोण करणार? अर्ध्या पानावर लिहा: कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील, रिसॉर्टला स्वतःच्या पेजवर आणि वेबसाइटवर अमुक वर्षं वापरण्याची परवानगी आहे, तिसऱ्याला देण्याची नाही. दोघांच्या सह्या घ्या. हक्क कायमचा विकत देणार असाल तर कलम १९ प्रमाणे तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. हे ठाऊक नसल्यामुळे मुदत संपलेले हक्क कित्येकांनी आपल्या हातात असूनही सोडून दिलेत.

आणि हक्क विकला तरी कलम ५७ तुमच्याकडेच राहतं. काम माझं आहे हे सांगण्याचा अधिकार, आणि त्याची मोडतोड करून माझी अब्रू घालवली तर दाद मागण्याचा अधिकार. तुमच्या समुद्राच्या दृश्यांवर कोणी घाणेरडं मालवणी डबिंग चढवलं, तर पैशांच्या मुद्द्याइतकंच हे कलमही तपासा.

तक्रारीआधी पुरावा

बहुतेक जण रागाच्या भरात आधी तक्रार करतात. व्हिडिओ उतरतो आणि त्याबरोबर पुरावाही जातो. पुढे भरपाई मागायची वेळ आली की हातात एक अर्धवट स्क्रीनशॉट उरतो, त्यात ना तारीख ना पेजचं नाव.

म्हणून तक्रारीचं बटण दाबण्याआधी पूर्ण स्क्रीन रेकॉर्डिंग करा. ब्राउझरमधला पत्ता, पेजचं नाव, टाकल्याची तारीख, किती जणांनी पाहिलं आणि त्याखाली बुकिंगसाठी दिलेला क्रमांक, एवढं त्यात दिसायला हवं. बुकिंगच्या क्रमांकाला मी फार महत्त्व देतो. व्हिडिओचा धंद्यासाठी वापर झाला हे त्यावरून दाखवता येतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा डिजिटल पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसाही द्यावा लागतो. जुन्या पुरावा कायद्यात हेच कलम ६५ ब होतं. गंमत म्हणजे कॉपीराइट कायद्यातही एक ६५ ब आहे आणि ते अगदी वेगळं आहे, त्यामुळे दोघांचा गोंधळ वकीलही करतात. कॉपीराइट कायद्यातलं ६५ ब सांगतं की कामावरची हक्काची माहिती, उदाहरणार्थ निर्मात्याचं नाव, जाणूनबुजून काढून टाकणं किंवा बदलणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. वॉटरमार्क कापणाऱ्याला नोटीस देताना हे कलम घालायला विसरू नका. त्याची "आमका म्हायतच नव्हता" ही सबब तिथेच पातळ होते. नाव कापायला हात चालवावा लागतो.

दुसरी बाजू तुमच्या मूळ फाइलची. पुढच्या शूटिंगसाठी कार्ड फॉरमॅट केलं आणि व्हिडिओ फक्त व्हॉट्सॲपवर उरला, असं सर्रास होतं. व्हॉट्सॲप फाइल दाबतं आणि त्यातली कॅमेऱ्याची माहिती गाळून टाकतं. न कापलेली, कॅमेऱ्यातून आली तशी फाइल तुमच्याकडे असणं हा मालकीचा सगळ्यात सरळ पुरावा, कारण चोराकडे ती असूच शकत नाही. दमट हवेत आणि खाऱ्या वाऱ्यात हार्ड डिस्क फार टिकत नाही, तेव्हा एक प्रत घरी आणि एक मुंबईच्या चाकरमानी नातेवाइकाकडे ठेवा. स्वतःलाच पोस्टाने पेन ड्राइव्ह पाठवून पाकीट बंद ठेवण्याची युक्ती अजून चालते. त्यातून फार तर तारखेला आधार मिळतो, मालकी त्याने कायद्यात सिद्ध होत नाही.

यूट्यूबवर राहून जाणारी एक खूण

यूट्यूब स्टुडिओमधून काढून टाकण्याची विनंती करताना एक पर्याय येतो: या व्हिडिओच्या प्रती पुढे पुन्हा चढू देऊ नका. बरेच जण तिथे खूण करत नाहीत आणि मग दर वेळी नव्याने तक्रार करत बसतात. खूण केली की जवळजवळ जशाच्या तशा प्रती यंत्रणा अडवते. मात्र दहा सेकंदांचा तुकडा, आरशासारखा उलटवलेला किंवा वेग बदललेला व्हिडिओ यातून निसटतो. तो तुम्हालाच शोधावा लागेल. इन्स्टाग्राम-फेसबुकवर वारंवार त्रास होत असेल तर मेटाच्या राइट्स मॅनेजरसाठी अर्ज करा, तिथे मूळ फाइल आधीच देऊन ठेवता येते.

पुढचा टप्पा लोकांना माहीतच नसतो. समोरचा प्रतिदावा करू शकतो, म्हणजे "हे माझंच आहे" किंवा "मला परवानगी आहे" असं लिहून देऊ शकतो. तो आल्यावर यूट्यूब तुम्हाला कामकाजाचे दहा दिवस देतं. त्या मुदतीत कोर्टात गेल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत सुरू होतो. हा ईमेल इंग्रजीत येतो, जाहिरातींच्या ढिगात जातो, आणि मग पुन्हा तोच फोन: "परत टाकल्यानी". त्याने परत टाकलेला नसतो, मुदत उलटल्यामुळे तो परत आलेला असतो. तक्रार केल्यावर तो ईमेल रोज उघडा, स्पॅमसकट.

एजंटच्या स्वतःच्या वेबसाइटवर व्हिडिओ असेल तर ती चालवणाऱ्या होस्टिंग कंपनीला कॉपीराइट नियम, २०१३ च्या नियम ७५ खाली लेखी तक्रार करता येते. त्यांनी ३६ तासांत प्रवेश थांबवणं अपेक्षित आहे. पण त्या तक्रारीत तुम्ही हमी देता की दावा दाखल करून २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणीन. आणला नाही तर ते पुन्हा सुरू करू शकतात. दाव्याची तयारी नसताना ही तक्रार म्हणजे तीन आठवड्यांचा दिलासा, त्याहून जास्त नाही.

लिंकमागचा माणूस

होमस्टेच्या पेजवर तुमचा व्हिडिओ दिसला तर आधी मालकाला फोन करा. माझा अनुभव असा की अनेकदा मालकाला काहीच माहीत नसतं. पेज सांभाळणारा मुंबई-पुण्याकडचा कोणी पोरगा जिथून मिळेल तिथून दृश्यं उचलतो. मालक काजूच्या बागेत नाहीतर बोटीवर असतो. त्याला सांगितलं की तो वरमतो आणि तुमच्याकडूनच पुढच्या हंगामाचं काम करून घेतो. अशा वेळी हिशेब करा: उतरवून काय मिळणार, आणि वापरू देऊन किती घेता येईल? परवानगी लेखी द्या, मुदत घाला, पैसे घ्या. गावकीत यामुळे तोंडही राहतं.

फोनवर अरेरावी झाली तर नोटीस. नोटिशीत लिंक, तारखा, मूळ फाइलचा उल्लेख, कलम ५१ प्रमाणे झालेला कॉपीराइटचा भंग, कलम ५५ खाली मनाई हुकूम, भरपाई आणि नफ्याचा हिशेब मागण्याचा इरादा, आणि उत्तर द्यायला मुदत, एवढं पुरे. "तुरुंगात टाकीन" वगैरे भाषा नको. खोट्या किंवा निराधार धमकीविरुद्ध कलम ६० खाली समोरच्यालाही कोर्टात जाता येतं. नोटिशीच्या शेवटी हेही मागा की त्यांच्या ताब्यातल्या सगळ्या प्रती नष्ट करून, आणि ज्यांना पुढे दिल्या त्यांची नावं देऊन, लेखी हमी द्यावी. व्हिडिओ परत परत येण्याचं मूळ बहुतेक एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये असतं आणि त्या ग्रुपपर्यंत पोचायची वाट याच नावांतून निघते.

"क्रेडिट दिलं होतं" ही सबब कायद्यात कुठे नाही. "तीस सेकंदांपेक्षा कमी वापरलं तर चालतं" हेही नाही. कलम ५२ मध्ये खाजगी वापर, टीका-समीक्षा आणि चालू घडामोडींचं वार्तांकन यांसाठी वाजवी वापराची सूट आहे. खोल्यांचं बुकिंग त्यात बसत नाही.

दशावतार, डबलबारी, शक्ती-तुरा

इथे मामला गुंतागुंतीचा आहे आणि माझ्या मते सगळ्यात जास्त अन्याय इथेच होतो.

तुळशीच्या लग्नानंतर जत्रा सुरू झाल्या की मंडळं रात्रीमागून रात्री नाटकं करतात आणि समोर मोबाइल धरून दोन-चार चॅनेलवाले उभे असतात. सकाळी पूर्ण नाटक यूट्यूबवर. मंडळ तक्रार करायला जातं आणि पहिल्याच रकान्यात अडतं: तुमची कुठली कृती चोरली? कथानक पुराणातलं, ते सगळ्यांचं. संवाद लिहिलेले नसतात, रंगमंचावर सुचतात. चित्रफितीचा कॉपीराइट तर ती काढणाऱ्याकडे.

म्हणून तक्रार लेखकाच्या हक्काऐवजी कलाकाराच्या हक्कावर करायची. कलम ३८ आणि ३८ अ प्रमाणे प्रत्यक्ष सादर झालेल्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण करण्याचा आणि ते लोकांपर्यंत पोचवण्याचा हक्क कलाकाराचा, तोही ५० वर्षं. नट, गायक, वादक, सगळे त्यात येतात. संहिता असो वा नसो, राजाची भूमिका करणाऱ्याचा आणि पखवाज वाजवणाऱ्याचा हक्क तेवढाच. घरी बघायला केलेलं रेकॉर्डिंग कलम ३९ मध्ये चालतं. चॅनेलवर टाकून जाहिरातीचे पैसे घेणं त्यात बसत नाही. कलम ५२ मध्ये धार्मिक विधीच्या प्रसंगी होणाऱ्या सादरीकरणाला सूट आहे आणि लग्नाची वरातही त्यात धरली आहे, पण देवळाच्या आवारात खेळ झाला म्हणून त्याचं रेकॉर्डिंग विकायला मोकळीक मिळाली, असा अर्थ काढणारे फार ओढताहेत.

गडबड होते ती संमतीवर. मंडळाच्या मालकाने सुपारी घेताना "घेवा शूटिंग, आमची प्रसिद्धी होतली" असं म्हटलेलं असतं. मग तक्रारीला उत्तर तयार असतं. मंडळांना माझा आग्रह आहे की सुपारीच्या कागदावरच दोन ओळी छापून घ्या: चित्रीकरण लेखी परवानगीशिवाय करू नये, परवानगी दिल्यास व्हिडिओ कोणत्या चॅनेलवर राहील आणि उत्पन्नातला वाटा किती. जत्रेच्या देवस्थान समितीची परवानगी म्हणजे मंडळाची परवानगी नव्हे, हेही त्यातच लिहा. कलाकार मंडळात रोजावर असतात, तेव्हा तक्रार करण्याचा अधिकार मंडळाला दिल्याचं त्यांचं सहीचं पत्र हंगामाच्या सुरुवातीलाच घेऊन ठेवलेलं बरं.

शक्ती-तुऱ्याच्या शाहिरांची आणि डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात उतरणाऱ्या भजनीबुवांची बाजू मात्र भक्कम असते, कारण त्यांच्याकडे वही असते. स्वतः रचलेली गाणी, गण-गवळणी, सवाल-जवाब हे साहित्यकृती म्हणून संरक्षित आहेत, कवीच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. चाल जुनी असली तरी शब्द तुमचे. एका शाहिराचं गाणं दुसऱ्याने कॅसेटच्या काळापासून म्हटलं म्हणून ते "पारंपरिक" होत नाही. उलट कल्पनेवर मात्र कोणाची मालकी नसते, फक्त मांडणीवर असते, आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे ठरवून टाकलंय. सासू-सुनेच्या भांडणावर तुम्ही प्रहसन केलं म्हणून दुसऱ्याला तो विषय बंद होत नाही.

तुमच्याच गाण्यावर दुसऱ्याचा दावा

भजन मंडळाने गायलेला सतराव्या शतकातला अभंग, पखवाज आणि टाळ तुमचे, गळे तुमचे, आणि यूट्यूब सांगतं की यावर अमुक म्युझिक कंपनीचा हक्क आहे. शब्द जुने म्हणून मुक्त असतात, पण एखाद्या कंपनीचं ध्वनिमुद्रण तिच्या मालकीचं असतं आणि यंत्राची सुरावट ओळखताना गल्लत होते. हा दावा म्हणजे स्ट्राइक, चॅनेलवर लागणारी ताकीद, नव्हे. घाबरून व्हिडिओ काढू नका. हरकत नोंदवा, सादरीकरण आपलं आहे आणि रचना सार्वजनिक आहे असं साध्या शब्दांत लिहा. दावेदाराला उत्तराला ३० दिवस असतात. पण चाल आधुनिक संगीतकाराची असेल तर गप्प बसा, तिथे दावा खरा असू शकतो. नाट्यगीताच्या चालीवर बांधलेल्या गजरांत हा प्रश्न वारंवार येतो.

सावंतवाडीच्या लाकडी वस्तू बनवणाऱ्यांसाठी वेगळी पाचर आहे. डिझाइन कायदा, २००० खाली नोंदता येणारं पण न नोंदलेलं डिझाइन औद्योगिक प्रक्रियेने ५० पेक्षा जास्त वेळा बनवलं की कॉपीराइट कायद्याच्या कलम १५(२) प्रमाणे त्यातला कॉपीराइट संपतो. हाताने कोरलेल्या-रंगवलेल्या कामाला हे लागू नाही असा युक्तिवाद करता येतो, पण नवीन खेळण्याचं डिझाइन बाजारात आणण्याआधी नोंदवून घेणं जास्त शहाणपणाचं. एकदा दुकानात मांडलं की ते नवीन राहत नाही.

नोंदणी करावी का

कॉपीराइट निर्मितीबरोबरच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. नोंदणीचा दाखला मात्र कलम ४८ प्रमाणे प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. साहित्य, संगीत आणि कलाकृतीला प्रत्येकी ५०० रुपये, ध्वनिमुद्रणाला २,०००, चित्रफितीला ५,०००. अर्ज ऑनलाइन होतो आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. प्रत्येक रीलवर पाच हजार घालवू नका. गाण्यांची वही संग्रह म्हणून नोंदवा, नाटक लिहिलेलं असेल तर संहिता नोंदवा, छायाचित्रांपैकी ज्यांची कॅलेंडरं आणि बॅनर होतात तेवढीच नोंदवा.

कोर्ट आणि पोलीस

चोर मुंबईत किंवा दिल्लीत आहे म्हणून लोक दावा सोडून देतात. कलम ६२ प्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा धंदा करता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो: ओरोस, रत्नागिरी, अलिबाग. चोरी झाल्यापासून तीन वर्षं दवडू नका. दाव्याचं मूल्य तीन लाख किंवा जास्त असेल तर तो व्यापारी वाद ठरतो आणि तातडीचा मनाई हुकूम मागितला नसेल तर आधी मध्यस्थीला जावंच लागतं. अपिलासाठी रत्नागिरी-सिंधुदुर्गकरांना ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, मुंबईची रात्रीची गाडी वाचली.

पोलीस ठाण्यात "हा सिव्हिल मामला आहे" असं सांगतात. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे, आणि निट प्रो प्रकरणात मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवलाय. निकालाची प्रत घेऊन जा. तरीही घेतलं नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी द्या. पण हे हत्यार संघटितपणे चोरून विकणाऱ्यासाठी ठेवा. चार खोल्यांच्या निवास-न्याहारीवाल्यावर ते चालवलं तर गावात तुमचं काम बंद होईल आणि कोर्टालाही ते आवडणार नाही.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून अडू नका. प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, हेल्पलाइन १५१००. महिला, अनुसूचित जाती-जमातीतील व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मागता येतो, बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. स्वयंपाकाचे व्हिडिओ करणाऱ्या आमच्याकडच्या कितीतरी बायकांना हे कोणी सांगितलेलंच नाही.

वेळेचं एक लक्षात ठेवा. व्हिडिओ सर्वात जास्त चोरले जातात दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात, आणि दिवाणी कोर्टांना सुट्ट्याही तेव्हाच असतात. तातडीच्या कामाला सुट्टीतले न्यायाधीश असतात, पण त्यांच्यापुढे कागद पूर्ण लागतो. मूळ फाइल, करार आणि कलाकारांची पत्रं एप्रिलच्या आत एका फायलीत लावून ठेवा, आणि वकीलपत्रावर सहीही तेव्हाच करून टाका.